नाव पाठवण्यापलीकडे: अंतराळ संशोधनात खरोखर हातभार कसा लावायचा

पर्सिव्हरन्स ही बग्गी फेब्रुवारी २०२१ मध्ये मंगळावर उतरली, तेव्हा तिच्यावर नखाएवढ्या तीन चिप होत्या आणि त्यांवर १ कोटी ९ लाखांहून जास्त लोकांची नावं कोरलेली होती. तुमचंही असेल कदाचित. हौस म्हणून छान आहे, मुलांना दाखवायलाही छान. पण ते नाव नसतं तर मोहिमेचं काही अडलं असतं का?

या लेखात प्रत्येक मार्गाला मी हीच कसोटी लावली आहे. तुम्ही ते काम केलं नाही तर कुठे काही कमी पडेल का? या चाळणीतून बऱ्याच गोष्टी गळतात. ताऱ्याला तुमचं नाव देऊन प्रमाणपत्र विकणारे तर पहिल्याच फटक्यात गळतात. ताऱ्यांची अधिकृत नावं आंतरराष्ट्रीय खगोल संघ ठरवतो आणि तो ती विकत नाही. चाळणीत जे उरतं त्यातल्या बहुतेक कामांना पैसा लागत नाही. वेळ लागतो, नजर लागते आणि नोंद ठेवण्याची शिस्त लागते.

सुरुवातीआधी

एक वही घ्या. संगणकावरची चालेल, पण कागदाची बरी, कारण अंधारात मोबाईलचा पडदा डोळ्यांची वाट लावतो. वहीत पहिल्या दिवसापासून वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहायची सवय लावा, म्हणजे ग्रिनिचची वेळ. घड्याळातून किती तास वजा किंवा अधिक करायचे हे वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. ही चूक नवशिक्यांकडून सर्रास होते, आणि मध्यरात्रीच्या आसपास तारीखच बदलत असल्याने ती फार महागात पडते.

दुसरं म्हणजे एका वेळी एकच प्रकल्प, निदान महिनाभर. पाच ठिकाणी खाती उघडून कुठेच न रमणारे लोक खूप दिसतात. नजर तयार व्हायला दोन-तीन आठवडे जातात, आणि त्याआधीच उडी मारली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

पहिली पायरी: फक्त डोळे आणि इंटरनेट

झूनिव्हर्स या लोकसहभागी संशोधनाच्या संकेतस्थळावर जा. त्याचं मूळ जुलै २००७ मध्ये सुरू झालेल्या गॅलेक्सी झू प्रकल्पात आहे. संशोधकांकडे जवळपास नऊ लाख दीर्घिकांचे फोटो पडून होते, आणि कोणती सर्पिल, कोणती लंबगोल हे ओळखायला तेव्हाच्या संगणकापेक्षा माणसाचा डोळा जास्त भरवशाचा होता. म्हणून त्यांनी ते काम लोकांपुढे ठेवलं. त्याच वर्षी हॅनी व्हॅन आर्केल या डच शिक्षिकेला एका दीर्घिकेशेजारी विचित्र रंगाचा डाग दिसला. तिने विचारलं, 'हे काय आहे?' उत्तर कुणाकडेच नव्हतं. पुढे कळलं की तो वायूचा प्रचंड ढग आहे आणि शेजारच्या दीर्घिकेच्या गाभ्यातून पूर्वी आलेल्या प्रखर प्रकाशाने तो उजळला आहे. तो गाभा आता मंदावला आहे. आज त्या ढगाला 'हॅनीज फोरवर्प' म्हणतात. डचमध्ये फोरवर्प म्हणजे नुसती 'वस्तू'.

मला या गोष्टीतला प्रश्न विचारण्याचा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. वर्गीकरणाची बटणं दाबणं हे अर्धं काम. जे कुठल्याच खान्यात बसत नाही त्याबद्दल प्रकल्पाच्या चर्चा विभागात लिहिणं हे उरलेलं अर्धं.

सुरुवातीला माझी शिफारस झूनिव्हर्सवरच्याच प्लॅनेट हंटर्स टेस या प्रकल्पाची. टेस ही २०१८ मध्ये सोडलेली दुर्बीण आकाशाच्या एकेका पट्ट्याकडे सुमारे २७ दिवस टक लावून बघते आणि ताऱ्यांचं तेज मोजते. तुमच्यापुढे येतो एका ताऱ्याचा प्रकाशवक्र, म्हणजे ठिपक्यांची एक लांब रांग. ताऱ्यासमोरून ग्रह गेला की तेज किंचित उतरतं. रांगेत खड्डा पडतो तो हाच.

काम असं करा. नोंदणी करा, म्हणजे तुमचं श्रेय तुमच्या नावावर राहील. सरावाचा भाग पूर्ण करा, घाई करू नका. मग प्रत्येक वक्र आधी पूर्ण रुंदीत बघा आणि त्यानंतरच जवळ आणा. थेट जवळ आणून पाहिलं की प्रत्येक उंचवटा-खळगा ग्रह वाटू लागतो. ग्रहाचा खड्डा साधारण सपाट तळाचा, परातीसारखा असतो. टोकदार आणि खोल खड्डा बहुधा एकमेकांना झाकणाऱ्या जोडताऱ्यांचा. मधली मोकळी जागा म्हणजे यानाने माहिती पृथ्वीकडे पाठवण्यासाठी घेतलेली विश्रांती, आणि तिच्या कडेला वक्र वाकडातिकडा होतो तो यंत्राचा दोष. तिथे खूण करू नका. खोलीचा अंदाजही हवा. सूर्यासारख्या ताऱ्यापुढून गुरूएवढा ग्रह गेला तर तेज सुमारे १ टक्क्याने घटतं, पृथ्वीएवढा गेला तर ०.००८ टक्के. दुसरा प्रकार नुसत्या नजरेला बहुतेक वेळा दिसणारच नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

काही वक्रांत मुद्दाम खोटे ग्रह पेरलेले असतात. त्यातून तुम्हाला सराव मिळतो आणि लोकांच्या नजरेतून किती निसटतं ते संशोधकांना कळतं. एकच वक्र अनेक जण तपासतात, म्हणून चुकायची भीती सोडा. पण 'काहीतरी असेल' म्हणून सगळीकडे खुणा करत सुटू नका. खड्डा नाही असं सांगणं हेही उत्तर आहे, किंबहुना बहुतेक वेळा तेच बरोबर असतं.

यातून काय हाती लागतं? २०१२ मध्ये या प्रकल्पाच्या आधीच्या आवृत्तीतून एक ग्रह सापडला, जो चार ताऱ्यांच्या संसारात फिरतो. तिथल्याच स्वयंसेवकांनी एका ताऱ्याचं तेज २२ टक्क्यांपर्यंत घसरताना पाहिलं आणि २०१५ मध्ये त्यावर जगभर काहूर उठलं. संगणकाच्या गाळणीने ते निमूटपणे बाजूला टाकलं असतं, कारण ग्रह शोधायला लिहिलेली प्रणाली ग्रहासारखंच काहीतरी शोधते.

दुसरी पायरी: एक ठिपका, चार फोटो

सूर्यावर लक्ष ठेवायला डिसेंबर १९९५ मध्ये निघालेल्या सोहो यानाने धूमकेतू शोधायचे नव्हतेच. त्याचा कॅमेरा सूर्याचं तेजोबिंब चकतीने झाकून भोवतालचा किरीट, म्हणजे तप्त वायूचं वलय, टिपतो, आणि त्या झाकलेल्या भागाच्या कडेने सूर्याकडे झेपावणारे बारके धूमकेतू दिसायला लागले. मार्च २०२४ मध्ये ही संख्या ५,००० झाली. त्यांतले बहुतेक घरी बसून फोटो चाळणाऱ्यांनी शोधले आहेत.

पद्धत सोपी, चिकाटी अवघड. एकापाठोपाठच्या वेळांचे फोटो उतरवून घ्या आणि भरभर उलटा. एकाच फोटोत चमकून गेलेला ठिपका वैश्विक किरणाचा असतो, तो सोडा. तारे सगळे मिळून एका दिशेला संथ सरकतात, तेही सोडा. जो ठिपका ताऱ्यांपेक्षा वेगळ्या दिशेने, सरळ रेषेत, सारख्या वेगाने निदान चार-पाच फोटोंत सरकतो तो तुमचा उमेदवार. प्रत्येक फोटोतली त्याची आडवी-उभी पिक्सेल जागा आणि फोटोची वेळ लिहा. या धूमकेतूंच्या नोंदी ठेवणाऱ्या सनग्रेझर प्रकल्पात आधी कुणी कळवलं आहे का ते बघा, मगच कळवा. पहिल्या दिवशी ताज्या फोटोंच्या मागे लागू नका. जुन्या साठ्यातले, धूमकेतू नोंदलेले फोटो घ्या आणि उत्तर न बघता तो सापडतो का ते पाहा. दहा वेळा सापडला की ताज्याकडे वळा.

असंच तुलनेचं काम चंद्रावरही झालं आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये विक्रम लँडर चंद्रावर आदळला. चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या एलआरओ यानाने घेतलेले त्या भागाचे फोटो सगळ्यांसाठी खुले झाले, आणि चेन्नईतले अभियंते षण्मुग सुब्रमण्यन आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो शेजारी शेजारी ठेवून रात्रीमागून रात्री बघत बसले. आधी नसलेला एक उजळ पिक्सेल त्यांना दिसला. त्यांनी कळवलं, नासाने ताडून पाहिलं आणि डिसेंबर २०१९ मध्ये त्यांचं नाव घेऊन दुजोरा दिला. एक पिक्सेल! आधीचा फोटो जवळ नसता तर तो नुसता दगड ठरला असता.

अशा फोटोंचे साठे मोकळे पडले आहेत. नासाच्या ग्रहविषयक साठ्यात, युरोपीय संस्थेच्या साठ्यात आणि इस्रोच्या प्रदान पोर्टलवर चांद्रयान २ ची माहिती मिळते. मंगळाभोवती फिरणाऱ्या हायराईज कॅमेऱ्यासाठी तर 'हायविश' नावाची सोय २०१० मध्ये सुरू झाली. तिथे कुणीही मंगळावरची जागा सुचवू शकतं. सुचवताना 'छान दिसेल' हे कारण चालत नाही. तिथे काय पाहायचं आहे आणि का, हे दोन-तीन वाक्यांत मांडावं लागतं. ती दोन वाक्यं लिहिण्यासाठी जे वाचन होतं ते कुठल्याही अभ्यासक्रमापेक्षा जास्त शिकवतं.

गुरूच्या जुनो यानावरचा जुनोकॅम हा कॅमेरा मुख्यतः लोकांसाठीच बसवला गेला. यान स्वतःभोवती फिरत असल्याने फोटो लाल, हिरव्या, निळ्या पट्ट्यांच्या तुकड्यांत येतो, तो जोडून रंग भरायचं काम हौशी मंडळी करतात. सुरुवातीला तयार जोडलेली आवृत्ती घ्या आणि प्रकाशाचा उतार सारखा करा. मग रंगाचा भेद वाढवा. आणि रंग किती ताणले ते फोटोखाली लिहा. न लिहिता टाकलेला झगझगीत गुरू हे चित्र म्हणून सुंदर असेल, पण त्याला माहिती म्हणता येणार नाही.

तिसरी पायरी: घराबाहेर, दुर्बिणीशिवाय

दुर्बीण घेण्याची घाई करू नका. नुसत्या डोळ्यांनी होणारं आणि तरीही उपयोगी पडणारं काम म्हणजे रूपविकारी, म्हणजे तेज बदलणाऱ्या, ताऱ्यांची नोंद. एएव्हीएसओ ही संस्था १९११ पासून अशा नोंदी गोळा करते आहे. निरीक्षक क्रमांक फुकट मिळतो, सभासद व्हावं लागत नाही.

अलगोलपासून सुरू करा. ययाती तारकासमूहातला हा तारा दर २ दिवस २१ तासांनी मंदावतो, कारण त्याचा अंधुक जोडीदार त्याच्या आड येतो. एरवी त्याची प्रत, म्हणजे तेजाचा आकडा, २.१ असते, ग्रहणात ती ३.४ होते. मंदावून पूर्ववत व्हायला एकूण सुमारे दहा तास लागतात, म्हणजे एका रात्रीत बराचसा खेळ दिसतो. प्रत जितकी मोठी तितका तारा मंद, हे उलटं गणित लक्षात ठेवा.

संस्थेच्या संकेतस्थळावरून तुलनेच्या ताऱ्यांचा नकाशा छापून घ्या. ग्रहण कधी आहे ते बघा, पण अमुक वेळेला प्रत किती असेल ते बघू नका. अपेक्षा डोळ्यांत शिरली की डोळा तेच दाखवतो. वीस मिनिटं अंधारात बसा, टॉर्चला लाल कागद लावा. आता अलगोलपेक्षा किंचित तेजस्वी आणि किंचित मंद असे दोन तारे निवडा. देवयानीतला अलमाक २.१ प्रतीचा आहे, ययातीतलाच एप्सिलॉन २.९ चा. अलगोल या दोघांच्या मध्ये कुठे बसतो? अलमाकपासून साधारण निम्म्या वाटेवर वाटला तर प्रत २.५. प्रत, वेळ आणि कोणते दोन तारे वापरले ते लिहा. अर्ध्या तासाने पुन्हा. आधीचा आकडा पान उलटून झाकून ठेवा.

एक सापळा सांगून ठेवतो. अलगोलला अगदी खेटून ऱ्हो नावाचा तारा आहे, तुलनेला मोहात पाडणारा. तो स्वतःच रूपविकारी आहे. त्याच्या आधारे मोजलंत तर रात्र वाया.

नवखा माणूस एक-दोन दशांशाने चुकतो, आणि ते चालतं. अनेकांच्या नोंदी एकत्र आल्या की वक्र नीट उमटतो. २०१९ च्या अखेरीस मृगातला काक्षी अचानक मंदावला, तेव्हा तो आधी किती तेजस्वी असायचा हे सांगायला वर्षानुवर्षं वहीत आकडे लिहीत आलेले हौशीही कामाला आले.

उल्कावर्षावाची मोजणी याहून सोपी. ऑगस्टच्या मध्यात ययातीचा आणि डिसेंबरच्या मध्यात मिथुनेचा वर्षाव, हे दोन धरा. तासभर उताणं पडून आकाशाकडे बघा. किती दिसल्या, त्यातल्या किती वर्षावाच्या आणि किती भटक्या, सगळ्यात मंद तारा कोणता दिसत होता, ढग किती होते, हे चार आकडे आंतरराष्ट्रीय उल्का संघटनेकडे कळवा. चंद्र असेल तर फारसं हाती लागत नाही. एकही उल्का दिसली नाही तरी तो तास कळवा. शून्य गाळलं की सरासरी फुगते.

चौथी पायरी: दुर्बीण असलीच तर

लहान दुर्बीण आणि कॅमेरा असेल तर मी पिधानांकडे वळेन. लघुग्रह एखाद्या ताऱ्यासमोरून जातो तेव्हा तारा काही सेकंद विझतो. वेगवेगळ्या ठिकाणांहून तो किती वेळ विझला हे जुळवलं की लघुग्रहाचा आकार मिळतो. यात दुर्बिणीच्या आकारापेक्षा घड्याळाला महत्त्व आहे. सावली सेकंदाला कित्येक किलोमीटर धावते, म्हणून वेळ जीपीएसवरून घ्या. जवळपास कोणती पिधानं आहेत हे ऑकल्टवॉचर या प्रणालीत दिसतं. आपण कुठे उभं राहणार ते तिथे नोंदवा, म्हणजे दोन पथकं एकाच रेषेवर येत नाहीत.

मार्च २०२२ मध्ये नासाच्या लुसी यानाच्या वाटेवरच्या पॉलिमेली लघुग्रहासाठी २६ पथकं पसरली होती, त्यांत व्यावसायिक होते आणि हौशीही. १४ पथकांना तारा विझताना दिसला. पण त्यांतल्या दोघांच्या नोंदी इतरांशी जुळेनात. लघुग्रहापासून सुमारे २०० किलोमीटरवर काहीतरी वेगळंच ताऱ्याच्या आड आलं होतं. तो त्याचा उपग्रह निघाला. सावलीच्या कडेबाहेर उभ्या असलेल्या माणसाची 'तारा विझला नाही' ही नोंदही आकार ठरवायला लागते.

सौर गाळणीशिवाय दुर्बीण सूर्याकडे वळवू नका. क्षणभरही नाही.

पाचवी पायरी: ऐकणं

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून अधूनमधून १४५.८०० मेगाहर्ट्झवर चित्रं प्रसारित होतात, हॅम, म्हणजे हौशी, रेडिओच्या जुन्या पद्धतीने, आवाजाच्या रूपात. त्या दिवसांच्या तारखा एरिस हा गट आधी जाहीर करतो. पहिल्यांदा रेडिओही घेऊ नका. इंटरनेटवर चालणारा एखादा सार्वजनिक वेबएसडीआर, म्हणजे दुसरीकडे बसवलेला रेडिओ रिसीव्हर, उघडा, स्थानक त्याच्या माथ्यावरून जाण्याची वेळ काढा आणि स्पीकरजवळ मोबाईल धरा. रोबोट३६ हे अ‍ॅप आवाजातून ओळीमागून ओळ चित्र काढतं. एका चित्राला साधारण दोन मिनिटं लागतात आणि स्थानक दहा मिनिटांत क्षितिजाआड जातं, म्हणून अर्धवट चित्र आलं तर त्यात तुमची चूक नाही. जमलं की मग संगणकाला जोडायचा छोटा यूएसबी रिसीव्हर आणि दोन दांड्यांचा अँटेना घ्या. आधी आपल्याकडचे नियम वाचा. प्रसारण करायला हॅम परवाना लागतोच, आणि नुसतं ऐकण्याचे नियमही सगळीकडे सारखे नाहीत.

जुन्या लेखांत नोआ या अमेरिकी संस्थेच्या हवामान उपग्रहांचे फोटो पकडायला सांगितलेलं असतं. ते उपग्रह २०२५ मध्ये बंद झाले, त्यात वेळ घालवू नका.

इथे कसोटीला उतरतं ते सॅटनॉग्ज हे जाळं. तुमचं छोटं केंद्र त्याला जोडलं की विद्यापीठांचे चिमुकले उपग्रह तुमच्या छतावरून जाताना त्यांचा संदेश टिपला जातो. त्या उपग्रहांच्या चमूंकडे जगभर अँटेना नसतात, तुमचा कोपरा त्यांना खरोखर हवा असतो. आणि नियमित ऐकणाऱ्याला कधी काय ऐकू येईल सांगता येत नाही. जानेवारी २०१८ मध्ये स्कॉट टिली हे कॅनडातले हौशी निरीक्षक एक गुप्त उपग्रह शोधत होते. त्यांना भलताच संदेश मिळाला. नासाचा इमेज उपग्रह, ज्याच्याशी डिसेंबर २००५ मध्ये संपर्क तुटला होता, तो आपला बोलतोच होता.

संगणकाच्या प्रणाली लिहिता येत असतील तर

थोडक्यात सांगतो. नासाचं स्पेस अ‍ॅप्स चॅलेंज २०१२ पासून दर वर्षी भरतं, कुणालाही भाग घेता येतो, ओळखी होतात. पण दोन दिवसांत उभे राहिलेले बहुतेक प्रकल्प सोमवारी विसरले जातात. त्यापेक्षा खगोलशास्त्रासाठीच्या अ‍ॅस्ट्रोपायसारख्या खुल्या प्रणालीतली एक छोटी चूक दुरुस्त करणं, तिच्या माहितीपुस्तिकेतला एक गोंधळलेला परिच्छेद सुधारणं टिकतं. एप्रिल २०२१ मध्ये इन्जेन्युइटी हे हेलिकॉप्टर मंगळावर उडालं, तेव्हा त्यामागच्या खुल्या प्रणालींत सुमारे १२,००० जणांचा हात लागला असल्याचं गिटहब या खुल्या प्रणाली ठेवणाऱ्या संकेतस्थळाने मोजून दाखवलं. त्यांतल्या कित्येकांना आपलं काम मंगळावर पोचल्याचा पत्ताही नव्हता.

श्रेयाबद्दल

याबाबत आधीच स्पष्ट असलेलं बरं, नाहीतर सहा महिन्यांनी हिरमोड होतो. सोहोच्या फोटोंत सापडलेल्या धूमकेतूला सोहोचंच नाव मिळतं. तुमचं नाव शोधकांच्या यादीत जातं. ग्रहाच्या शोधनिबंधात महत्त्वाच्या खुणा करणाऱ्यांना आभारांत किंवा सहलेखकांत जागा मिळते, मात्र त्यासाठी तुम्ही नोंदणी केलेली हवी आणि खरं नाव द्यायला होकार दिलेला हवा. खात्याच्या पानावर ही खूण आजच तपासा.

लघुग्रह शोधण्याच्या मोहिमांत मिळणारं 'प्राथमिक नोंद' असं प्रमाणपत्र म्हणजे शोध नव्हे. आधी इतरांनी तो पुन्हा पाहावा लागतो, मग तात्पुरता क्रमांक मिळतो. कक्षा पक्की व्हायला कित्येक वर्षं जातात, तेव्हा कुठे कायमचा क्रमांक. नाव सुचवायचा हक्क त्यानंतर दहा वर्षं शोधकाकडे असतो, आणि ते नाव मान्य करायचं की नाही हे खगोल संघाची समिती ठरवते.